डोळ्यांची पारख

मनुष्याच्या इंद्रियांत डोळ्यास राजाचा मान आहे. आणि राजाची झडती कोणी घेत नाहीं, त्याप्रमाणें डोळ्याचें मोजमाप करण्याचेंहि शतकानुशतकें कोणाच्या मनांत आलें नाहीं. डोळा दुखूं लागला, लाल झाला, त्यावर पडदा आला, तर त्यास उपचार होते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे शहात्तर रोग गणले आहेत आणि शलाकेनें मोतीबिंदु बाजूस सारण्याची क्रियाहि वर्णिली आहे; ती विद्या लहान नव्हे. परंतु जो डोळा दुखत नाहीं, दिसण्यांत निर्मळ आहे, तरी ज्यास दूरचें किंवा जवळचें स्पष्ट दिसत नाहीं, त्याचें उणेपण किती आणि कशामुळें, हा प्रश्न निराळा आहे. तो औषधाचा नसून मापाचा आहे, आणि तो नीट विचारला गेल्यास अद्याप दोनशें वर्षें झालेलीं नाहींत.

कॉन्टॅक्ट लेन्स, म्हणजे प्रत्यक्ष डोळ्यास बिलगून बसणारें भिंग, देण्यापूर्वीं जाणता तज्ज्ञ जी परीक्षा घेतो, तींत हा सारा इतिहास तास-दीड तासांत आपल्यापुढून निघून जातो. त्या परीक्षेंत काय घडतें, तिची एकेक पायरी कोणी घातली, आणि ती गाळल्यास काय किंमत पडते, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे. तें रायगड जिल्ह्याच्या आंतील भागांतल्या महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या आधारानें सांगण्याचा आमचा विचार आहे. कारण दृष्टीच्या उणेपणावर मनुष्यानें जीं तीन उत्तरें शोधलीं, त्यांपैकीं सर्वांत जुन्या उत्तराचा पुरावा याच डोंगरांत सांपडतो.

महाड तालुक्यांत शिवथर गांवाजवळ डोंगराच्या कुशींत एक घळ आहे. पावसाळ्यांत तिच्या तोंडावरून पाण्याचा लोट कोसळत असतो. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही घळ शोधून काढली, आणि दासबोध येथेंच सांगितला व लिहिला गेला अशी समर्थसंप्रदायाची श्रद्धा आहे. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें व सरळ असावें, ओळींतील अंतर सारखें राखावें, असा उपदेश करतां करतां समर्थ एक अत्यंत व्यवहारी गोष्ट सांगतात. तरुणपणीं काढलेलें बारीक अक्षर म्हातारपणीं कामास येत नाहीं. म्हणून लिहिणाऱ्यानें प्रथमपासूनच मध्यम अक्षर काढावें, असें त्यांचें सांगणें आहे. वयाबरोबर जवळची दृष्टि मंदावते हें समर्थांनीं ओळखलें होतें. डोळा बदलतां येत नाहीं, तर अक्षर बदला, हा त्यांचा तोडगा. दृष्टिदोषावरील पहिलें उत्तर तें हेंच: वस्तूनें डोळ्याशीं जमवून घ्यावें.

दुसरें उत्तर चष्म्याचें. चष्मा इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. आपल्या देशांत तो केव्हां आला याचा शोध कोंकणांतल्याच एका विद्वानानें घेतला, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत क्युरेटर होते. अत्तर, तंबाखू, जिलेबी अशा ज्या वस्तूंकडे इतिहासकार सहसा ढुंकून पाहत नाहींत, त्यांचा माग काढण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. चष्म्याच्या इतिहासावरहि त्यांनीं लिहिलें. विजयनगरचे व्यासराय यांच्या सोमनाथकृत चरित्रांत, म्हणजे १५२० च्या सुमारास, ते पोथी वाचतांना भिंगांचा उपयोग करीत असा उल्लेख आहे, याकडे गोड्यांनीं लक्ष वेधलें. पोर्तुगीजांनीं गोवा १५१० सालीं घेतला होता. तेव्हां ही नवलाईची वस्तु त्यांच्या गलबतांतून येऊन नजराणा म्हणून पुढें सरकली असावी, हें अनुमान सहज निघतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. चष्मा आपल्याकडे माल म्हणून आला. त्याच्यामागें असावी लागणारी परीक्षा त्याच्यासोबत आली नाहीं. ती तेव्हां युरोपांतहि नव्हती. तेथेंहि फेरीवाल्याच्या पेटाऱ्यांतून एकामागून एक चष्मा नाकावर चढवून पाहावयाचा, आणि ज्यांतून अक्षर बरें दिसेल तो पैसे देऊन घ्यावयाचा, हीच रीत होती. परंतु आपल्या भाषेनें या रीतीवर शिक्काच मारून ठेवला आहे. म्हातारपणच्या चष्म्यास आपण ‘चाळशी’ म्हणतों. चाळीस वर्षें झालीं कीं लावावयाची ती चाळशी! या शब्दांत मनुष्याचें वय आहे, त्याचा डोळा कोठेंच नाहीं. चाळिशी उलटलेल्या दहा माणसांचे वीस डोळे वीस प्रकारचे असतात, हा विचार त्या शब्दास शिवलेला नाहीं.

वयाच्या मानानें भिंग द्यावयाचें म्हटलें, म्हणजे ज्यांचें वय त्यांत बसत नाहीं ते उघड्यावर पडतात. ज्या मुलास दूरचें दिसत नाहीं, त्याच्या चष्म्यास चाळशीसारखें घरगुती नांव मिळालें नाहीं; त्या मुलास मात्र मिळालें. तो ‘मठ्ठ’ ठरला. फळ्यावरचें गणित त्यास उतरून घेतां येत नाहीं, झेल घेतां येत नाहीं, रस्त्यांत समोरून येणाऱ्या वडील माणसास तो ओळखत नाहीं. मग मास्तरांनीं त्यास आळशी म्हणावें आणि नातेवाइकांनीं शिष्ट. आम्ही इतकीं वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. शेजाऱ्याच्या वहींतून फळ्यावरचें लिहून घेणारा विद्यार्थी नक्कल करीत नसून त्यास फळाच दिसत नाहीं, असें आम्हांस एकदां नव्हे, अनेकदां आढळलें आहे. शिवाय महाड-पोलादपूरच्या घराघरांतून मुंबईस चाकरीस गेलेलीं माणसें आहेत. गणपतीस गांवीं येतांना बापासाठीं मुंबईहून चष्मा घेऊन येणारा मुलगा या भागास नवा नाहीं. त्याच्या मायेबद्दल संशय नको. पण ज्या डोळ्यांसाठीं चष्मा घेतला ते डोळे त्या वेळीं डोंगरापलीकडे शेतांत होते, हें विसरून चालणार नाहीं.

तिसरें उत्तर एकोणिसाव्या शतकांत आलें: डोळा मोजा, आणि मग त्या डोळ्यास जोगें भिंग द्या. जर्मनींतल्या हेल्महोल्ट्झनें १८५१ सालीं जिवंत डोळ्याच्या आंतील दृष्टिपटल पाहण्याचें उपकरण प्रसिद्ध केलें. हॉलंडमध्यें युट्रेख्ट येथें डाँडर्सनें १८६४ सालीं दृष्टिदोषांचें शास्त्र एका ग्रंथांत बांधलें. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें होतें, आणि कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगींतून पुढें भायखळ्यास डोळ्यांचें स्वतंत्र रुग्णालय उभें राहिलें. म्हणजे नवी विद्या आपल्या इलाख्यांत यावयास फार उशीर झाला नाहीं. ती मुंबईपासून दीडशेंहून अधिक किलोमीटरवर असलेल्या महाडला, आणि तेथून सुमारें वीस किलोमीटर पुढें पोलादपूरला, व तेथून डोंगरांतल्या वाड्यांस पोंचावयास मात्र उशीर झाला. वस्तु लवकर पोंचते, विद्या उशिरां पोंचते, हा अनुभव एकट्या चष्म्याचा नाहीं.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. पोलादपूर तालुक्यांतल्या उमरठ किंवा कुडपण यांसारख्या गांवची वीस वर्षांची एक मुलगी आपण कल्पनेनें उभी करूं. तिला लहानपणापासून दूरचें दिसत नाहीं आणि तिचा चष्मा आठ डायॉप्टरचा, बाटलीच्या बुडासारखा जाड आहे. पावसांत त्यावर पाणी सांचतें, चुलीपुढें वाफ सांचते; आणि लग्नाच्या बोलण्यांत त्या जाड कांचा पाहून पाहुण्यांचे चेहरे उतरतात, हें तिनें पाहिलें आहे. तिला कॉन्टॅक्ट लेन्स हवें आहे. तिची ही इच्छा कोणी छचोर समजूं नये.

परीक्षा सुरू होते ती यंत्रानें नव्हे, प्रश्नांनीं. काम कोठें करतां, धुळींत कीं संगणकापुढें, डोळे खाजतात काय, डोळे चोळण्याची संवय आहे काय, मधुमेह आहे काय, कोणतीं औषधें चालूं आहेत, रोज भिंग स्वच्छ ठेवण्यास वेळ व जागा आहे काय, असें तज्ज्ञ विचारतो. पुष्कळांस हें निष्कारण वाटतें. परंतु एखाद्या डोळ्यास भिंग सोसेल कीं नाहीं, याचें अर्धें उत्तर त्या डोळ्याच्या धन्याच्या दिनचर्येंत असतें.

मग अक्षरांचा तक्ता येतो. तो डाँडर्सचाच सहकारी हर्मान स्नेलेन यानें १८६२ सालीं तयार केला. सहा मीटरवरून निकोप डोळ्यास जें अक्षर जेमतेम ओळखतां यावें, त्याची उंची त्यानें गणितानें ठरविली. ती नऊ मिलिमीटरांहून किंचित् कमी भरते. निकोप डोळा जें साठ मीटरवरून वाचतो तें ज्यास सहा मीटरवरून वाचावें लागतें, त्याची दृष्टि ‘सहा-साठांश’. आज हा तक्ता देवनागरी अक्षरांचाहि मिळतो, आणि निरक्षरांसाठीं तीन दांत्यांच्या खुणेचा असतो. दांते कोणत्या बाजूस आहेत तेवढें बोटानें दाखवावयाचें. समर्थांनीं डोळ्यासाठीं अक्षराचें माप सांगितलें. स्नेलेननें अक्षरानें डोळ्याचें माप घेतलें. महाड तालुक्यांतलें फौजी आंबवडें हें गांव सैन्यांत जाण्याच्या परंपरेसाठीं प्रसिद्ध आहे. अशा गांवच्या तरुणांची या तक्त्याशीं गांठ भरतीच्या वेळीं पडते. तेथें तक्ता मनुष्यास निवडण्यासाठीं किंवा वगळण्यासाठीं असतो. येथें तो त्यास साहाय्य करण्यासाठीं आहे, एवढाच भेद.

पुढें निरनिराळीं भिंगें डोळ्यापुढें धरून चष्म्याचा अचूक आंकडा काढतात. परंतु हा आंकडा जसाच्या तसा डोळ्यावरच्या भिंगास चालत नाहीं. चष्मा डोळ्यापासून सुमारें बारा मिलिमीटर दूर असतो, आणि तेवढ्या अंतरानेंहि भिंगाचा गुण बदलतो. आमच्या मुलीचा आठ डायॉप्टरचा चष्मा डोळ्यावर सुमारें सव्वासात डायॉप्टरचा होतो. जो दुकानदार चष्म्याचा कागद पाहून तोच आंकडा भिंगास लावून देतो, तो परीक्षेच्या या पायरीवरच ठेंचाळला असें समजावें.

आतां डोळ्याच्या बाकाचें माप. बुबुळाच्या पुढें काचेसारखा स्वच्छ, सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. डोळ्याच्या एकंदर साठ डायॉप्टर शक्तीपैकीं सुमारें त्रेचाळीस डायॉप्टर एकट्या या पडद्याच्या आहेत. त्याच्या गोलाईची त्रिज्या सामान्यतः पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. पण कोणाची थोडी कमी, कोणाची थोडी अधिक, आणि पुष्कळांची आडवी एक तर उभी दुसरी. पगडी डोक्याच्या मापानें बांधावी लागते, तसें भिंग या बाकाच्या मापानें निवडावें लागतें. हें माप घेण्याची युक्ति अशी कीं पारपटलास आरसा समजावें, त्यांत एका ज्ञात आकृतीचें प्रतिबिंब पाडावें, आणि प्रतिबिंबाच्या लहानमोठेपणावरून बाक काढावा. हेल्महोल्ट्झनें ही युक्ति प्रयोगशाळेंत सिद्ध केली. पॅरिसमध्यें जावाल व शिओट्झ यांनीं १८८१ सालीं ती दवाखान्यांत वापरण्याजोगी केली. त्याच्या एक वर्ष आधीं पोर्तुगालच्या प्लासिदो यानें काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक साधी तबकडी केली होती. डोळ्यांत पडलेलीं तिचीं वर्तुळें वाटोळीं दिसलीं तर पडदा सुडौल. वेडींवांकडीं दिसलीं तर त्यांत दोष आहे. कांहीं तरुणांचा पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढें येतो, आणि त्यांस कोणत्याच चष्म्यानें नीट दिसत नाहीं. अशांना कॉन्टॅक्ट लेन्स ही हौस नसून गरज असते. आणि हा रोग वेळेवर ओळखण्याचें साधन हीं वर्तुळेंच होत. आज तें काम संगणक करतो व डोळ्याचा रंगीत नकाशा काढून देतो, पण त्याच्या पोटांत प्लासिदोची तबकडीच आहे.

त्यानंतर मुलीस हनुवटी एका टेकूवर ठेवावयास सांगतात, आणि प्रकाशाची एक बारीक फट तिच्या डोळ्यावर पडते. स्वीडनच्या गुलस्ट्रांड यानें १९११ सालीं हा दिवा दाखविला. त्याच वर्षीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, तें डोळ्यांतील प्रकाशाच्या गणिताबद्दल. अंधाऱ्या खोलींत कवडशाच्या पट्ट्यांत जसे धुळीचे कण दिसूं लागतात, तसा या फटीच्या प्रकाशांत पारदर्शक पडद्याचा थरन् थर दिसूं लागतो. जुना व्रण, पडद्यांत शिरूं पाहणारी रक्तवाहिनी, पापण्यांच्या कडांस आलेली सूज, हें सर्व येथें कळतें. तज्ज्ञ पापणी उलटून तिची आंतली बाजूहि पाहतो. त्याच बैठकींत हेल्महोल्ट्झच्या उपकरणाच्या आजच्या रूपानें दृष्टिपटलहि पाहतात. फार मोठ्या ऱ्हस्वदृष्टींत दृष्टिपटल ताणलें जाऊन फाटण्याचा संभव अधिक असतो. भिंगाच्या निमित्तानें आलेल्या मनुष्याचा डोळा या एका पाहण्यानें वांचूं शकतो.

यापुढें आसवांची परीक्षा. भिंग डोळ्यावर बसतें म्हणण्यापेक्षां तें आसवांच्या पातळ थरावर तरंगतें असें म्हणणें अधिक खरें. तो थर पुरेसा आहे काय हें पाहण्यासाठीं शिर्मर यानें १९०३ सालीं टिपकागदाची एक पट्टी खालच्या पापणींत अडकवून पांच मिनिटांत ती किती भिजते हें मोजलें. बायर या रसायनशास्त्रज्ञानें १८७१ सालीं तयार केलेला फ्लुओरेसीन नांवाचा रंगहि येथें कामास येतो. त्याचा कण डोळ्यांत घालून निळ्या प्रकाशांत पाहिलें, म्हणजे आसवें हिरवीं झळकतात; पापणी न लववितां तो हिरवा थर किती क्षणांत फाटतो हें मोजतात, आणि पारपटलावर कोठें ओरखडा असेल तर तोहि हिरवा उमटतो. ज्याचीं आसवें अपुरीं, त्यानें भिंगाचा हट्ट धरूं नये.

एवढें झाल्यावरच नमुन्याचें भिंग डोळ्यांत घालतात. आणि येथें खरा इतिहास समजतो. ॲडॉल्फ फिक यानें झुरिच येथें कांचेचें भिंग करून प्रथम सशांच्या, मग स्वतःच्या, आणि मग रुग्णांच्या डोळ्यांत घातलें, व १८८८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें भिंग दोनएक तासांवर सोसत नसे. पॅरिसच्या काल्ट यानें त्याच सुमारास शंकूसारख्या पारपटलावर कांचेची टोपी बसवून पाहिली. पुढच्याच वर्षीं कील येथें आउगुस्ट म्युलर यानें स्वतःच्या चौदा डायॉप्टर ऱ्हस्वदृष्टीसाठीं भिंग केलें. तें त्यास अर्धा तासच कसेंबसें सोसलें. हीं माणसें कमी बुद्धीचीं नव्हतीं, आणि त्यांच्या भिंगांतून दिसतहि स्वच्छ होतें. मग तीं भिंगें सोसत कां नव्हतीं? पारपटलांत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक असतो. आणि रक्त नाहीं म्हणून त्यास प्राणवायु मुख्यतः बाहेरच्या हवेंतून, आसवांच्या वाटेनें घ्यावा लागतो. कांचेच्या त्या मोठ्या वाटीखालीं पारपटल गुदमरत असे. अमेरिकेंत केव्हिन टुओहीनें १९४८ सालीं केवळ पारपटलापुरतें लहान प्लॅस्टिकचें भिंग काढलें. प्रागच्या ओटो विख्टर्ले यानें १९६१ च्या नाताळांत घरच्या घरीं, मुलाच्या खेळण्याच्या सुट्या भागांनीं आणि सायकलच्या डायनामोनें यंत्र जुळवून पाणी धरून ठेवणारें मऊ भिंग ओतलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्राणवायु सहज जाऊं देणारें सिलिकोनमिश्रित द्रव्य आलें. भिंगाची सर्व प्रगति म्हणजे डोळ्यास श्वास घेऊं देण्याची प्रगति होय.

म्हणूनच भिंग घातल्याबरोबर ‘दिसतें काय?’ एवढें विचारून तज्ज्ञ थांबत नाहीं. तो मुलीस पंधरा-वीस मिनिटें बसवितो. डोळ्याचें पाणी थांबलें, म्हणजे पुन्हां दिव्याच्या फटींत पाहतो. पापणी लवतांना भिंग किंचित् हललें पाहिजे, म्हणजे खालचीं आसवें बदलतात. मुळींच न हलणारें भिंग घट्ट, आणि फार घसरणारें सैल. घट्ट भिंग प्रथम सर्वांत सुखाचें वाटतें, आणि तेंच पुढें अपाय करतें. घालणाऱ्यास कसें वाटतें हा येथें पुरावा नव्हे. चाळशी निवडतांना घालणाऱ्याचा कौल हाच काय तो निकाल होता. डोळ्यावरच्या भिंगानें तो निकाल रद्द ठरविला.

शेवटची पायरी शिकवणीची. हात साबणानें धुऊन, न सुटणाऱ्या धाग्यांच्या स्वच्छ कापडानें कोरडे करून, भिंग उलटें कीं सुलटें तें पाहून घालणें व काढणें, तज्ज्ञापुढें मुलीनें स्वतः करून दाखवावयाचें असतें. काढतां येईल असें सिद्ध झाल्यावांचून तिला भिंग घरीं नेऊं देत नाहींत. भिंग घालून झोंपूं नये. डबींतलें द्रव रोज नवें घ्यावें. डबीहि ठराविक काळानें बदलावी. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलें, तर भिंग तत्काळ काढून तज्ज्ञास गांठावें. आणि आठवड्याभरानें, पुढें निदान वर्षानें, पुन्हां परीक्षेस यावें. तसेंच जुना चष्मा टाकून देऊं नये, कारण डोळ्यास विसांवा देण्याच्या दिवशीं तोच आधार असतो.

या शिकवणींतला सर्वांत महत्त्वाचा नियम पाण्याचा आहे, आणि तो महाडच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. महाडचें नांव जगाच्या इतिहासांत गेलें तें पाण्यामुळेंच. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, आणि पाण्यावर सर्व मनुष्यांचा सारखा हक्क प्रस्थापित करण्याचा झगडा उभा केला. त्या हक्काचें मोल मोठें आहे. परंतु जें पाणी पिण्यास निर्मळ तें भिंग धुण्यासहि निर्मळ, असें अनुमान कोणी काढूं नये. नळाच्या, विहिरीच्या, तळ्याच्या गोड्या पाण्यांत अमीबाच्या जातीचे सूक्ष्म जीव असूं शकतात. पोटांत गेले तर ते सहसा कांहीं करीत नाहींत. भिंगाखालीं अडकले तर पारपटल पोखरतात, आणि तो रोग हटतां हटत नाहीं. सावित्री व गांधारीच्या कांठच्या या प्रदेशांत पावसाळ्याचे चार महिने पाणीच पाणी असतें. २००५ च्या व २०२१ च्या जुलैंत महाडनें पुराचें जें रूप पाहिलें तें सर्वांस ठाऊक आहे. अशा ठिकाणीं भिंग घालून पावसांत भिजणें, नदींत पोहणें, किंवा डबी नळाखालीं धुणें, हे सारे धोकेच होत.

दुसरा धोका शेताचा. हा भाताचा मुलूख आहे. कापणी-झोडणीच्या दिवसांत भाताचें पातें किंवा कुसळ डोळ्यास लागणें ही नित्याची गोष्ट. आणि त्या जखमेंतून बुरशी शिरून पारपटलास व्रण पडणें हें आपल्या देशांतल्या शेतकऱ्यांच्या अंधत्वाचें एक मोठें कारण आहे. त्या बुरशींपैकीं फ्युसेरियम नांवाची जात मातींत व पिकांवर सर्वत्र असते. २००६ सालीं याच बुरशीनें सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिका येथें शहरांत राहणाऱ्या, शेताचें तोंडहि न पाहिलेल्या भिंगधारकांचे डोळे बिघडविले, आणि भिंग ठेवण्याचें एक द्रव जगभरच्या बाजारांतून परत घ्यावें लागलें. तेव्हां जेथें भातहि आहे आणि भिंगहि येऊं लागलें आहे, तेथें सावधगिरी दुहेरी हवी. महाडच्या औद्योगिक वसाहतींतल्या रसायनांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनीं तर तेथील वाफांपुढें भिंग घालून उभें राहण्यापूर्वीं तज्ज्ञास विचारावेंच.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, कीं एवढ्या कटकटीपेक्षां भिंग नकोच. तो आमचा निष्कर्ष नव्हे. योग्य परीक्षेनंतर दिलेलें आणि शिस्तीनें वापरलेलें भिंग लक्षावधि लोक सुखानें वापरीत आहेत. आमचें म्हणणें इतकेंच, कीं चष्म्याबरोबर जडलेली मालाची दृष्टि आपण भिंगासहि लावीत आहों, आणि तें चालणार नाहीं. रंगीत बुबुळांच्या हौसेनें घेतलेलें भिंग वधूनें घालावें, मग तेंच करवलीनें घालावें, असे प्रकार कानांवर येतात. अमेरिकेनें २००५ सालीं केवळ शोभेच्या, आंकडा नसलेल्या भिंगासहि वैद्यकीय साधन ठरविलें, तें याच कारणासाठीं. डोळ्यास स्पर्श करणारी वस्तु शोभेची असली तरी डोळ्याच्या लेखीं ती औषधासारखीच आहे.

आपल्या देशानें १९७६ सालीं अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. त्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचें काम मोठें झालें, आणि शाळांतून मुलांचे डोळे तपासण्याची पद्धतिहि रूढ होत आली. महाड-पोलादपूरच्या शिक्षकांनीं, पालकांनीं आणि मुंबईकर चाकरमान्यांनीं एवढा एक नियम पाळावा: मुंबईहून चष्मा आणूं नये, माणसास तपासणीस न्यावें. भिंगाची गोष्ट तर उघडच आहे. तें गणपतीच्या सामानांतून गांवीं पाठवितां येत नाहीं, कारण त्याचें माप डोळ्याखेरीज दुसऱ्या कशावर घेतांच येत नाहीं. चष्म्यानें जें आपणांस पांचशें वर्षांत शिकविलें नाहीं तें हें इवलेंसें भिंग शिकवीत आहे, कीं दृष्टि विकत मिळत नाहीं. प्रथम कोणी तरी थांबून, दिवा लावून, आपल्या डोळ्यांत पाहावें लागतें. आणि ज्यांच्या डोळ्यांत आजवर कोणी पाहिलेंच नाहीं, तीं माणसें घाटाखालच्या या वाड्यांतून अद्याप पुष्कळ आहेत.